आधी जंगल, मग समुद्र

"समुद्र आपल्या मागच्या दारी आहे. तो बघायला विमानात बसून कशाला जायचं?"

मुलीने केनियाचा विषय काढला तेव्हा ह्यांचं हे पहिलं वाक्य. त्यात चूक काहीच नव्हतं. हे गुहागरचे. मागच्या दाराने बाहेर पडलं की माडांची बाग आणि बाग संपली की पुळण. मी चिपळूणची. लग्नाला ३१ वर्षं झाली, पण दोघंच असे आम्ही कुठे गेलोच नव्हतो. गेलो ते कुणाच्या लग्नाला, नाहीतर देवाला, आणि तेही बरोबर आठ-दहा माणसं घेऊन. हे निवृत्त झाले, माझीही शाळा संपली, तरी घरातली माणसं, बाग, गणपती यातून पाय निघत नव्हता.

ह्यांना जंगलाची ओढ लहानपणापासून. मला समुद्र हवा होता, पण जिथे सकाळी उठून चहा टाकायचा नाही असा. शेवटी ठरलं की तीन रात्री मसाई माराच्या जंगलात आणि चार रात्री मोंबासाच्या दक्षिणेला दियानीच्या किनाऱ्यावर. क्रमही हाच, आधी जंगल आणि मग समुद्र. जाऊन आल्यावर मी सगळ्यांना हेच सांगते. जंगलात पहाटे पाचला उठायचं असतं, दिवसभर गाडीत हाडं खिळखिळी होतात, नाकातोंडात धूळ जाते. त्यानंतर किनाऱ्यावर नुसतं पडून राहण्यात जे सुख आहे, ते उलट क्रमाने मिळणार नाही.

कागदपत्रांत सोपं वाटलं ते सोपंच निघालं. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ई-टीए नावाची ऑनलाइन परवानगी सुरू केली आहे. पासपोर्ट, फोटो, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग एवढं जोडायचं आणि सुमारे ३० डॉलर भरायचे. मुलीने एका बैठकीत दोघांचे अर्ज भरले आणि चार दिवसांत मंजुरी आली.

खरा वेळ खाल्ला तो यलो फीव्हरच्या लशीने. ज्यांच्याकडून सहल घेतली होती त्यांनी सांगितलं, "जायच्या आठवड्यात घेतली तरी चालते." ते साफ चूक होतं. टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, त्याआधी त्या कार्डाला किंमत नाही. आपल्याकडे हा रोग नाही, पण तो पसरवणारा डास आहे. डेंग्यूचा तोच ह्याचा. म्हणून केनियासारख्या देशातून कार्डाशिवाय परतलेल्या माणसाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. मुलीने हे वाचलं म्हणून बरं झालं. लगेच मुंबईच्या केंद्रावर नाव नोंदवलं, पहाटे निघून पोचलो, तर ह्यांचं वय ६१ म्हणून तिथल्या डॉक्टरांनी थांबवलं. साठीच्या पुढे या लशीचा त्रास क्वचित पण गंभीर होऊ शकतो, त्यामुळे नेहमीच्या डॉक्टरांचं पत्र हवं. पत्र आम्ही नेलंच नव्हतं. परत चिपळूण, पत्र, पुढच्या आठवड्यात पुन्हा मुंबई. तुमच्या घरात कुणी साठीचं असेल, अंड्याची ॲलर्जी असेल, तर हे आधी डॉक्टरांशी बोला, तिकिटं मग काढा. एक बरं आहे, ही लस आयुष्यात एकदाच. पिवळ्या कार्डावर नाव मात्र पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर बघून घ्या.

तारीख ठरवताना आमचं गणित वेगळंच होतं. नू, म्हणजे गुरांसारखी दिसणारी शिंगवाली हरणं, आणि झेब्रे यांचे मोठे कळप माऱ्यात साधारण जुलै ते ऑक्टोबर असतात आणि आमच्याकडे मध्येच गणपती. गणपती सोडून कोकणातला माणूस कुठे जाणार? विसर्जनानंतर पितृपंधरवडा लागला. सासऱ्यांची तिथी पंचमीची. ती केली, वाडी दाखवली, कावळा शिवला, आणि दुसऱ्या दिवशी बॅगा भरायला घेतल्या. "पंधरवड्यात निघालात?" असं शेजारच्या काकूंनी विचारलंच. हे म्हणाले, "आप्पांचं करून निघालोय. त्यांना चालेल."

बॅगेबद्दल एवढंच सांगते, की केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. मी चिवडा, मेतकूट, चटणी सगळं नेहमीच्या पिशव्यांत बांधलं होतं. निघायच्या रात्री बसून ते स्टीलच्या डब्यांत भरलं.

नैरोबीत उतरलो आणि अंगावर काटा आला, थंडीने. विषुववृत्ताजवळचा देश म्हणून मी सुती साड्या आणि पंजाबी ड्रेस घेतले होते. पण नैरोबी जवळजवळ १८०० मीटर उंचीवर आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच. मुलीने जबरदस्तीने भरलेले स्वेटर तिथेच निघाले. मुंबईहून सहा तासांचं विमान आणि घड्याळ अडीच तास मागे. त्या शहरात आम्ही फक्त झोपलो.

सकाळी गाडी दारात आली तेव्हा पहिली ठेच लागली. कागदावर लँड क्रूझर लिहिली होती, आली साधी व्हॅन, छत वर उचलणारी. फोनवर बोलून काही उपयोग झाला नाही. ज्यांना बुक करायचं आहे त्यांनी गाडीचा प्रकार लेखी घ्यावा आणि ती नसेल तर काय करणार हेही लेखी घ्यावं. आमचा चालक, जो वाटाड्याही होता, त्याचा यात काही दोष नव्हता. पुढचे तीन दिवस त्याने जेवढं दाखवलं आणि सांगितलं तेवढं मोठ्या गाडीतल्यांनाही मिळालं नसेल.

नैरोबी सोडल्यावर तासाभरात रस्ता एका कड्यावर येतो आणि खाली रिफ्ट व्हॅली उघडते. कुंभार्ली घाट मी शेकडो वेळा उतरले असेन, पण असं दृश्य बघितलं नव्हतं. जमीन फाटून मधला पट्टा खाली खचलेला, आणि पलीकडचा काठ धुक्यात. घाटाच्या पायथ्याशी एक खेळण्याएवढं चर्च आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे रस्ता करायला जुंपलेल्या इटालियन युद्धकैद्यांनी ते १९४२ साली बांधलं. आत अगदी थोडी माणसं मावतील एवढी जागा. मग नारोक नावाचं गाव, गव्हाची शेतं, आणि दुपारी तीनला सेकेनानी गेट.

त्या संध्याकाळी आम्ही जंगलात गेलो नाही, आणि ते जाणूनबुजून. माऱ्याची प्रवेश फी जुलै ते डिसेंबर माणशी रोज २०० डॉलर आहे, जानेवारी ते जून १००. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. राहण्याचा तंबू गेटच्या बाहेर होता, म्हणजे आत गेलो तरच फी. उरलेल्या तीन तासांसाठी दोघांचे ४०० डॉलर घालण्यापेक्षा तंबूसमोर खुर्च्या टाकून बसलो. रात्री पांघरुणात पाय घातला तर काहीतरी गरम, मऊ लागलं. मी किंचाळलेच. रबरी पिशवीत गरम पाणी भरून कुणीतरी गादीत ठेवलं होतं. दूरवर तरस ओरडत होता, खालून वर चढत जाणारा आवाज, जसं कुणी "कोऽण?" विचारतंय. बाहेर मसाई राखणदार लाल शाल पांघरून भाला घेऊन बसला होता. अंधारात न्हाणीघरापर्यंत जायचं तरी त्याला बॅटरी दाखवून बोलवायचं, असा नियम.

पहिल्या दिवशी आम्ही सिंहिणी पाहिल्या, सात, आणि चार बछडे. एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत असा नियम आहे. तिथे अकरा होत्या. आमच्या चालकाने लांबच गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, ते जातील, आपण बसू. अर्ध्या तासात गाड्या पांगल्या. मग एक सिंहीण उठली, आमच्या व्हॅनच्या सावलीत येऊन आडवी झाली. खिडकीतून वाकले असते तर हात लागला असता. तिच्या कानाची कड फाटलेली होती, आणि पोटाच्या पांढऱ्या केसांत चिकट कुसळं अडकली होती. श्वास घेताना बरगड्या वरखाली होत होत्या. माझ्या हातात मोबाइल होता आणि तो वर करायचं मला सुचलंच नाही.

दुपारी पाऊस पडून गेला आणि परतताना एका ओढ्याजवळ व्हॅन रुतली. चाकं फिरताना उडालेला चिखल बघून हे म्हणाले, "अगं, ही तर आपली काळी कापसाची जमीन." चालकाने ते ऐकलं नाही, पण तोही तेच म्हणाला, ब्लॅक कॉटन. विदर्भात बदलीवर असताना ह्यांनी हा चिखल तीन पावसाळे तुडवला होता. पाऊस पडला की गोंद आणि ऊन पडलं की वीत-वीत भेगा. लँड क्रूझर असती तर निघाली असती. तासा-दीड तासाने दुसरी गाडी आली, तिने दोर लावून ओढलं. तोवर आम्ही आत बसून एका वारुळावर उभ्या राहिलेल्या टोपी नावाच्या हरणाकडे बघत होतो. ही हरणं अशीच उंचवट्यावर उभी राहून चहूकडे नजर ठेवतात. संध्याकाळची सोनेरी उन्हं त्याच्या तांबूस अंगावर होती.

बायकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मला कुणी सांगितली नाही. जंगलात शौचालयं फारच थोडी आहेत. चालकाला "टायर बघायचं आहे" म्हणायचं, सगळ्यांना ते कळतं. तो दुर्बिणीने चहूबाजूंनी झुडपं तपासतो, मगच गाडीमागे उतरू देतो. लाजून पाणी कमी प्यायलं तर डोकं दुखतं, मी पहिल्या दिवशी तेच केलं. रॅपराउंड स्कर्ट किंवा लांब कुर्ता असला की फार सोयीचं पडतं.

दुसरा दिवस नदीचा.

मारा नदी ओलांडणारे कळप बघायला लोक जगभरातून येतात. कळप पावसामागून, म्हणजे गवतामागून फिरतात. वर्षाच्या सुरुवातीला दक्षिणेत, सेरेंगेटीच्या आखूड गवतात पिल्लं होतात, तिथलं गवत सुकलं की हळूहळू उत्तरेला येतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाबरोबर परत खाली. टांझानिया आणि केनियाची हद्द त्यांना ठाऊक नाही. मध्ये नदी येते, नदीत मगरी, म्हणून तो थरार.

सकाळी साडेदहाला आम्ही काठावर पोचलो. पलीकडे कळप जमू लागला होता. आमच्या चालकाने काठापासून बरंच मागे, एका बाभळीसारख्या झाडाखाली गाडी लावली. पुढे गाड्यांची रांग होती. त्याने सांगितलं, लोक उतारावर गाड्या लावतात, मग जनावरांना वर चढायला वाट राहत नाही आणि ती परत फिरतात किंवा भलत्याच कड्यावरून उड्या टाकून पाय मोडून घेतात. मला ते मनापासून पटलं. आपल्या फोटोसाठी कुणाचा पाय मोडू नये.

इंजिन बंद झालं आणि नूंचा आवाज ऐकू यायला लागला, घशातला, बेडकांच्या डराव-डराव आणि म्हशीच्या हुंकाराच्या मधला. हजारो गळ्यांतून एकदम. साडेअकराला पुढचे काही खाली उतरले. नाकं पाण्याला लावली. मागचे ढकलत होते. धूळ उठली. एक झेब्रा घोट्यापर्यंत पाण्यात गेला, पाणी प्यायला, मान वर केली आणि अचानक वळला. सगळा कळप भडभडा वर पळाला. पुन्हा शांत. पुन्हा पाऊण तासाने तेच. वाळूवर एक मगर पडली होती, ती एवढा वेळ तसूभर हलली नाही.

आम्ही डबा उघडला. कॅम्पवाल्यांचं उकडलेलं अंडं, ब्रेड, संत्रं, आणि त्यावर माझी लसणीची चटणी. चालकाला दिली, त्याने दोनदा मागून घेतली.

मग हे बोलायला लागले. आप्पा, म्हणजे माझे सासरे, भरती-ओहोटी बघून पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन खाडीवर जायचे आणि ह्यांना बरोबर न्यायचे. गुडघाभर पाण्यात तासन् तास उभं राहायचं. पाग खांद्यावर, आप्पांची नजर पाण्यावर, आणि एक शब्द नाही. मासा दिसला तर पाग फेकायचा, नाही तर तसंच घरी. "मला वाटायचं, हे मला शिक्षा म्हणून आणतात," हे म्हणाले. "आज कळतंय, त्यांना माझ्याबरोबर असायचं होतं. बोलता येत नव्हतं त्यांना." मी आप्पांना पंधरा वर्षं वाढलं, त्यांची औषधं बघितली, शेवटी पाणीही मीच दिलं. कडक माणूस एवढीच माझी ओळख. ही गोष्ट ३१ वर्षांत मी पहिल्यांदा ऐकली, आणि तीही पंचमीची तिथी करून निघाल्यावर सहाव्या दिवशी, असल्या लांबच्या नदीकाठी. त्यानंतर आम्ही दोघंही बराच वेळ गप्प होतो.

अडीच वाजता कळपाने पाठ फिरवली आणि चरत चरत टेकडीमागे निघून गेला. नदी कुणी ओलांडली नाही. शेजारच्या गाडीतली माणसं चालकावर चिडली होती. आम्हाला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, इतक्या लांब पुन्हा येणं होणार नाही. पण सकाळी साडेदहा ते दुपारी अडीच हे चार तास मला परत कुणी विचारले तर मी तेच मागेन. परतीच्या वाटेवर ह्यांना काटेरी फांदीवर जांभळ्या छातीचा नीलपंख दिसला, आपल्या नीलपंखाचाच भाऊबंद. त्याच्यासाठीही गाडी थांबवली.

नैरोबीहून मोंबासाला आम्ही रेल्वेने गेलो. २०१७ साली सुरू झालेली ही नवी लाइन, मादारका एक्सप्रेस. तिकिटाचे पैसे बहुतेक तिथल्या मोबाइलवरून, एम-पेसा नावाच्या सोयीने भरले जातात, आपल्याकडे तो नंबर नसतो, म्हणून कुणाकडून तरी आधी काढून ठेवा. स्टेशनवर निघायच्या तासभर आधी पोचा, कारण सगळ्यांच्या बॅगा एका ओळीत जमिनीवर मांडतात आणि कुत्रा एकेक हुंगत जातो. माझ्या लसणीच्या चटणीपाशी तो जरा रेंगाळला, पण पुढे गेला.

त्सावोच्या जंगलातून गाडी उंच भरावावरून जाते आणि खाली जनावरांसाठी मोऱ्या सोडलेल्या आहेत. इथले हत्ती लाल दिसतात, तांबडी माती अंगावर उडवून घेतात म्हणून. दोन कळप दिसले. पण ह्यांचं लक्ष शेजारून जाणाऱ्या जुन्या रुळांच्या पट्ट्याकडे होतं. १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत इंग्रजांनी ती लाइन टाकली ती हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे ३२ हजार मजुरांकडून, बरेचसे पंजाबातले. अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. त्सावो नदीच्या पुलाचं काम चालू असताना १८९८ मध्ये दोन सिंह रात्री तंबूंतून माणसं ओढून न्यायचे. कोकण रेल्वेचे बोगदे होताना ज्यांनी बघितले, त्यांना रुळाखाली माणसं असतात हे सांगावं लागत नाही. ज्यांचे करार संपले त्यांतले काही तिथेच राहिले, पुढे आपल्याकडचे व्यापारी गेले, आणि त्यांच्या तोंडचे शब्द स्वाहिलीत मुरले. दुकानाला तिथे दुका म्हणतात, गाडीला गारी, आणि चपाती तर चपातीच.

दियानीला आम्ही एका छोट्या, घरगुती जागी उतरलो. वर माकुटीचं छप्पर, म्हणजे माडाच्या झावळ्या विणून केलेली झापं, एकावर एक. हे आत शिरले, वर बघितलं आणि म्हणाले, "मांगर." लहानपणीचा ह्यांचा मांगर असाच शाकारलेला होता.

पुळण मात्र आमची नव्हे. आमची काळसर, ही पिठासारखी पांढरी, पोवळ्यांचा चुरा तो. उन्हातही पाय भाजत नाहीत. ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि खडकांपर्यंत चालत जाता येतं, पण रबरी चपला हव्यात, भेगांत काटेरी साळिंदरासारखे जीव बसलेले असतात. रस्त्यावर झाडांमधून दोरीचे पूल बांधलेत, माकडांना रस्ता ओलांडायला. काळीपांढरी, लांब केसांची कोलोबस माकडं त्यावरून शांतपणे जातात. ह्या माकडांना अंगठा जवळजवळ नसतोच. त्यांना खायला देऊ नका असं जागोजागी लिहिलंय, ते पाळा.

संध्याकाळी किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्या लागायच्या, न्गालावा. दोन्ही अंगांना उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारं लाकूड. आपल्याकडे एकाच बाजूला असते. हे तिथे जाऊन उभे राहिले. वाकून लाकडाच्या बांधणीला हात लावून बघितला. पंचविशीतला एक खलाशी ह्यांचे पांढरे केस बघून म्हणाला, "शिकामू." आम्हाला कळेना. मग समजलं, वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार तो, मूळ अर्थ "पाय धरतो". त्यावर "मराहबा" म्हणायचं. त्या दिवसापासून हे रोज संध्याकाळी मराहबा म्हणायला जायचे.

त्याच मुलाने वाऱ्याचं सांगितलं. आग्नेयेकडून येतो तो कुसी आणि डिसेंबरनंतर ईशान्येचा कास्काझी. पूर्वी कास्काझीवर आपल्या बाजूची शिडाची गलबतं यायची आणि कुसीवर परत जायची. ह्यांनी वाळूत काटकीने नकाशा काढला. हाच कुसी विषुववृत्त ओलांडून वळतो आणि नैर्ऋत्येचा होऊन आपल्याकडे पाऊस आणतो. "म्हणजे हा इथून निघतो आणि जूनमध्ये आपल्या खळ्यात पडतो," हे म्हणाले. मग बराच वेळ तोंडावर वारा घेत बसले. समुद्र बघायला विमान कशाला हा प्रश्न त्यानंतर निघाला नाही.

त्या घरी स्वयंपाक करायला एक बाई होत्या. त्यांना सगळे मामा म्हणत, मामा म्हणजे आई. माझ्या कानाला ते शेवटपर्यंत जमलं नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले. जमिनीवर एक बुटकं, घडीचं लाकडी बैठं, कातरीसारखे दोन पाय, आणि पुढे जिभेसारखी निघालेली लोखंडी पट्टी, टोकाला दाते. त्यावर एका बाजूला पाय घेऊन त्या बसल्या होत्या आणि नारळाची वाटी दोन्ही हातांनी फिरवत होत्या. खाली ताटात पांढरा शुभ्र खव. खवणी! आमच्या विळीच्या टोकाला असते तीच, फक्त पूर्ण बैठकीची. तिचं नाव तिथे म्बुझी, म्हणजे बकरी. मी खूण करून विचारलं. त्या उठल्या, मला बसवलं. पहिल्या दोन हातांत वाटी निसटली, कारण आम्ही खवतो पाय दुमडून आणि तिथे रेटा गुडघ्यातून येतो. मग हात बसला. करवंटीचा तपकिरी पापुद्रा खवात येऊ न देता मी अर्धी वाटी संपवली तेव्हा मामांनी माझ्या दंडावर थाप मारली आणि काहीतरी म्हणाल्या. अर्थ विचारायची गरज नव्हती.

नंतर त्यांनी खव झावळीच्या विणलेल्या लांब पिशवीत, किफुंबूत, घालून पिळला. पहिलं दाट दूध वेगळं, दुसरं पातळ वेगळं, चोथा कोंबड्यांना. पातळ दुधात तुरीचे अख्खे दाणे शिजवले, शेवटी दाट दूध. म्बाझी त्याचं नाव, सकाळी महाम्री नावाच्या गोडसर तळलेल्या पुऱ्यांबरोबर खातात. शाकाहारी माणसाने किनाऱ्यावर हे शोधून खावं. ह्यांना नारळाच्या रसातला मासा होता, तो खाताना हे मान खाली घालून जेवत होते, म्हणजे आवडला.

शेवटच्या दिवशी लिकोनीच्या फेरीबोटीतून मोंबासा बेटावर आलो आणि विमानाआधी फोर्ट जीझस बघितला. १५९३ साली पोर्तुगीजांनी बांधायला घेतला. आराखडा कायराती नावाच्या इटालियनाचा, जो गोव्याहून त्यांच्या किल्ल्यांची कामं बघायचा. पावणेतीन वर्षांच्या वेढ्यानंतर १६९८ मध्ये ओमानच्या अरबांनी तो घेतला. चिमाजीआप्पांच्या वसईच्या ४१ वर्षं आधी. तटावर उन्हात उभं राहून हे मला वसईचा वेढा सांगत होते आणि शेजारी शाळेच्या गणवेशातली मुलं आमच्याकडे बघत होती.

मुंबईला उतरलो. आरोग्य विभागाच्या टेबलापाशी आफ्रिकेहून आलेल्यांची रांग होती. पिवळी कार्डं दाखवली, तारीख बघितली, शिक्का. इतके हेलपाटे घातलेलं ते कार्ड कुणी अर्धं मिनिटसुद्धा हातात धरलं नाही. पुढे सामानाच्या तपासणीत माझी बॅग बाजूला काढली. पडद्यावर लोखंडी पट्टी आणि दाते दिसत होते.

"ताई, हे काय आहे?"

दियानीजवळच्या उकुंड्याच्या बाजारात ६०० शिलिंगला घेतली होती. मी कपड्यांतून काढून, घडी उलगडून त्यांच्यासमोर ठेवली.

"खवणी," मी म्हटलं.

तो अधिकारी मालवणचा निघाला. त्याने दात्यांवरून अंगठा फिरवला, पाय उघडमीट करून बघितले आणि म्हणाला, "आजीला दाखवायला फोटो काढू का?"